आई, रडू नकोस: हेन्रिक गुरेत्स्की आणि त्यांची तिसरी सिंफनी

(पडदा काळा. खर्जातल्या डबल बेसचा आवाज, मुश्किलीनं ऐकू येईल इतकाच.)

निवेदन:

हे ऐकायला कान थोडे टवकारावे लागतात. डबल बेस एक धून वाजवताहेत, 24 बारची, म्हणजे तालाच्या 24 आवर्तनांची. ती संपते आणि पुन्हा सुरू होते. पण आता एका बारच्या अंतरानं दुसरा आवाज तीच धून पाच सूर वरून उचलतो. मग तिसरा, मग चौथा. असे आठ आवाज एकमेकांत गुंफले जातात, तरी लय तसूभरही वाढत नाही. गायिकेचा पहिला स्वर लागतो तोवर दहा मिनिटं उलटून गेलेली असतात.

ही पोलिश संगीतकार हेन्रिक मिकोवाय गुरेत्स्की यांची तिसरी सिंफनी, 'दुःखगीतांची सिंफनी'. 1976 च्या अखेरीस तीन महिन्यांत लिहिलेली. तिचे तीन भाग आहेत आणि तिन्ही विलंबित लयीत. असं काही रचायला धाडस लागतं, कारण लपायला कुठेच जागा नसते.

(दृश्य: दक्षिण पोलंड. कोळशाच्या खाणींचे मनोरे, रेल्वेचे रूळ.)

गुरेत्स्की यांचा जन्म 6 डिसेंबर 1933 चा, सायलेशियातल्या चेर्नित्सा या गावातला. मुलगा दोन वर्षांचा असताना आई ओतिलिया गेली. तिला जेमतेम 26 वर्षांचं आयुष्य लाभलं. घरात तिचा जुना पियानो होता, पण या मुलाला त्यावर बसायची परवानगी नव्हती. वडिलांना आणि सावत्र आईला त्याचा संगीताचा नाद पसंत नव्हता. लहानपणी शेजारच्या अंगणात खेळताना तो पडला आणि कमरेचा सांधा निखळला. आजाराचं निदान चुकलं, हाडात क्षय शिरला. पुढे कितीतरी महिने इस्पितळात आणि चार शस्त्रक्रिया. ते दुखणं जन्मभर सोबत राहिलं.

त्यात युद्ध. त्यांचे आजोबा दाखाऊच्या छळछावणीत होते, मावशी आउश्वित्झमध्ये.

आधी शाळामास्तरकी करून 1955 साली ते कातोवित्सेच्या संगीत विद्यालयात दाखल झाले. गुरू लाभले बोलेस्वाव शाबेल्स्की, पोलिश संगीतकार शिमानोव्स्की यांचे शिष्य. नेमक्या त्याच काळात, 1956 मध्ये, वॉर्सात 'वॉर्सा ऑटम' हा नव्या संगीताचा महोत्सव सुरू झाला आणि स्टालिनच्या काळात बंद असलेली दारं किलकिली झाली. 1960 साली या महोत्सवात गुरेत्स्की यांची 'स्कोन्त्री' ही रचना वाजली, तेव्हा सभागृह हादरलं. कर्कश, आदळणारे, कानठळ्या बसवणारे स्वर. त्यांच्याच वयाचे क्शिश्तोफ पेन्देरेत्स्की आणि ते, दोघंही पोलंडच्या नव्या संगीताचे बिनीचे शिलेदार ठरले.

आणि मग गुरेत्स्की यांनी एकेक गोष्ट काढून टाकायला सुरुवात केली. गोंगाट गेला, गुंतागुंत गेली. जुनी चर्चगीतं, लोकगीतं, साधे सुरावटीचे तुकडे उरले. याला अनेकांनी माघार म्हटलं. मला ते पटत नाही. आवाज कमी केला तरी ताण कुठे कमी होतो? उलट तो वाढतो.

(दृश्य: झाकोपाने. तात्रा पर्वताच्या पायथ्याची इमारत, 'पॅलेस'. तळघराचा जिना.)

युद्धकाळात इथे गेस्टापोचं, नाझींच्या गुप्त पोलिसांचं ठाणं होतं. तळघरातल्या कोठड्यांच्या भिंतींवर कैद्यांनी खरडून ठेवलेले शब्द आहेत. मी निर्दोष आहे. खुनी. मला सोडवा. मोठ्या माणसांचा हा आक्रोश. त्यातच एका भिंतीवर चार ओळी आहेत. खाली नाव, हेलेना वांदा ब्वाझुशाकुव्ना. वय 18. कैदेची तारीख 26 सप्टेंबर 1944.

"आई, रडू नकोस. स्वर्गाच्या निर्मळ राणी, मला सदैव साथ दे."

गुरेत्स्की इथेच थबकले. या मुलीला सूड नको आहे, ती नशिबालाही बोल लावत नाही. तिला काळजी आहे ती आईची. दोन वर्षांचा असताना आईला मुकलेल्या माणसाला ही ओळ दिसली आणि ती सिंफनीचा दुसरा भाग झाली.

पहिल्या भागात पंधराव्या शतकातला मारियेचा, येशूच्या आईचा विलाप आहे. सुळावरच्या मुलाला ती म्हणते, तुझ्या जखमा माझ्यासोबत वाटून घे. तिसऱ्या भागात ओपोले भागातलं लोकगीत आहे. उठावात नाहीसा झालेला मुलगा एक म्हातारी शोधते आहे. तो कुठे पुरलाय हेही तिला ठाऊक नाही. म्हणून ती रानातल्या पाखरांनाच विनवते, त्याच्यासाठी गा. तिच्या गाण्याखाली दोन स्वरमेळ झुलत राहतात. ते शोपँ यांच्या एका माझुर्कातून, पोलिश लोकनृत्याच्या चालीवरच्या पियानो रचनेतून आलेले आहेत.

(आवाज: सोप्रानो, दुसऱ्या भागातून. निवेदन थांबते.)

4 एप्रिल 1977. फ्रान्समधल्या रोयां महोत्सवात स्तेफानिया वोयतोविच यांनी ही सिंफनी पहिल्यांदा गायली. नवसंगीताच्या जाणकारांनी नाकं मुरडली, समीक्षकांनी झोडपून काढलं.

इकडे मायदेशी, पोलंडमध्ये, वेगळीच लढाई चालू होती. गुरेत्स्की तेव्हा कातोवित्सेच्या त्याच विद्यालयाचे प्रमुख होते. क्राकूवचे कार्डिनल कारोल वोयतिवा यांनी त्यांच्याकडून 'बेआतुस वीर' ही रचना मागितली. ती पुरी होईपर्यंत वोयतिवा पोप झालेले. कम्युनिस्ट सरकारनं पोपना कातोवित्सेत येऊ दिलं नाही, तेव्हा 1979 मध्ये गुरेत्स्की यांनी पदावर पाणी सोडलं. त्याच वर्षी जूनमध्ये क्राकूवला पोपसमोर त्यांनी स्वतः ती रचना वाजवून घेतली.

मार्च 1981 मध्ये बिदगोश्चला 'सॉलिडॅरिटी' या स्वतंत्र कामगार संघटनेच्या कार्यकर्त्यांना पोलिसांनी मारहाण केली. त्यावर त्यांनी 'मिझेरेरे' लिहिलं. अर्ध्या तासाहून लांब, वाद्यांविना, केवळ समूहगान. शब्द लॅटिनमधले, अवघे पाच. 'आमच्यावर दया कर' हे मागणं थेट शेवटी येतं. ते लोकांसमोर यायला 1987 उजाडलं.

आणि 1992. डेव्हिड झिनमन यांचं संचालन, लंडन सिंफोनिएटा, गायिका डॉन अपशॉ. पंधरा वर्षं पडून राहिलेल्या तिसऱ्या सिंफनीचं हे ध्वनिमुद्रण ब्रिटनमध्ये पॉप अल्बमच्या यादीत सहाव्या क्रमांकावर गेलं. पुढे दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या. हयात संगीतकाराच्या सिंफनीला असं यश कधी मिळालं नव्हतं. आज ती 'मन शांत करणारं संगीत' अशा याद्यांमध्ये सापडते, याचं वाईट वाटतं. त्या कोठडीतल्या ओळी कळल्यावर हिला पार्श्वसंगीत करणं जमू नये.

सगळ्यांना तशीच आणखी एक हवी होती. गुरेत्स्की यांनी ती दिली नाही. क्रोनोस क्वार्टेट या चार वादकांच्या चमूसाठीचं तिसरं चतुष्क, म्हणजे चार तंतुवाद्यांची रचना, 1995 मध्ये लिहून झालं होतं, तेही त्यांनी दहा वर्षं हातचं सोडलं नाही. तात्राजवळच्या घरी राहायचे, मनाजोगतं झाल्याशिवाय काही बाहेर पडायचं नाही.

12 नोव्हेंबर 2010 रोजी कातोवित्सेत त्यांचं निधन झालं. चौथी सिंफनी वाद्यवृंदासाठी बांधायची राहिली होती. त्यांच्या टिपणांवरून मुलानं, संगीतकार मिकोवाय गुरेत्स्की यांनी, ती पुरी केली. एप्रिल 2014 मध्ये ती लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये वाजली. तिसरीसारखं काही ऐकायला आलेल्यांच्या कानांवर पहिल्याच क्षणी अख्खा वाद्यवृंद पूर्ण ताकदीनं कोसळला आणि त्यामागून बास ड्रमचे घाव पडू लागले.

(आवाज: चौथ्या सिंफनीची सुरुवात. श्रेयनामावली.)