पावली, श्वास आणि उठबस

(दृश्य: लातूर. सकाळचे सहा. सभामंडपात सतरंज्या अंथरल्या जात आहेत.)

मे महिना. दुपारी पारा चाळिशी ओलांडणार, म्हणून ज्येष्ठांचा योगवर्ग सहालाच भरतो. निवृत्त मास्तर आहेत, रोज शेतावर चक्कर टाकून येणारे आजोबा आहेत, गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या काकू आहेत. ही धडधाकट माणसं. तरी अशा वर्गात बहुतेकदा काय होतं? वय बघून सगळ्यांना खुर्चीत बसवायचं, हात वर-खाली करायला लावायचे आणि ॐ म्हणवून घरी धाडायचं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020च्या शिफारशी याहून बरंच जास्त मागतात. पासष्टीपुढच्यांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम दमाची हालचाल करावी, शिवाय किमान तीन दिवस तोल आणि ताकदीवर भर असलेला व्यायाम. तोल कशाला? खुब्याचं हाड मोडतं ते बहुधा पडूनच, आणि त्यातून अनेकजण अंथरूण धरतात. वैद्यकीय संशोधनांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2019च्या आढाव्यात व्यायामामुळे पडण्याचं प्रमाण सुमारे 23 टक्क्यांनी घटलेलं दिसलं.

(दृश्य: टाळ वाजू लागतात. दोन रांगा समोरासमोर.)

तोलासाठी चीनची ताई-ची ही संथ हालचालींची व्यायामपद्धत जगभर नावाजलेली. पण नामदेवांच्या नरसीपासून नाथांच्या पैठणपर्यंत इथल्या पायांना वारकऱ्यांची पावली आधीच ठाऊक आहे. एक पाऊल पुढं, त्यावर भार, पुन्हा मागं, मग वळण. हातात टाळ, मुखी अभंग. तीन कामं एकदम सांभाळायची, आणि खरी गोम इथंच आहे. घरात माणूस पडतो तोही असाच, कुणाला तरी ओ देत उंबरा ओलांडताना.

दम मोजायला यंत्र लागत नाही. लय वाढली की अख्खा चरण गाता येत नाही, पण शेजारणीशी दोन वाक्यं बोलता येतात. एवढा दम पुरे. बोलणंही तुटू लागलं, की लय उतरवायची.

(दृश्य: खुर्चीचा आधार घेऊन जमिनीवरून उठणाऱ्या बायका.)

मग उठबस. आधी खुर्चीवरून, हात न टेकता. नंतर सतरंजीवरून, आधार घेऊन. पंगतीला बसणाऱ्या माणसाला जमिनीवरून उठता आलंच पाहिजे. शिकवणारी ताई मोजत नाही, तोंडांकडे बघते.

"मावशी, श्वास रोखायलात काय? उठताना सोडा की!"

जोर लावताना श्वास कोंडला की रक्तदाब उसळतो. म्हणून उठताना उच्छ्वास, बसताना श्वास. प्राणायाम शेवटी वेगळा उरकण्यापेक्षा असा हालचालीत मुरवलेला बरा.

हाडं ठिसूळ असलेल्यांना कमरेतून गोल वाकवायचं नाही. रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर शवासनातून आधी कुशीवर, मग बसतं, थोडं थांबून उभं. एकदम उठलं की गरगरतं.

एका आजोबांना मात्र शीर्षासनच हवं आहे. तरुणपणी रोज करायचे म्हणे. डोकं खाली गेलं की डोळ्यातला दाब वाढतो आणि त्यांना काचबिंदू आहे. ताई ऐकत नाही, आजोबाही ऐकत नाहीत. शेवटी वृक्षासनावर तडजोड होते, तेही भिंतीपासून हातभर अंतरावर.