गोधडीच्या पोटात जुनं ब्लँकेट

(नागपूरच्या महाल भागातली गच्ची, भर दुपार.)

गोधडीत मधला थर म्हणून घालायचं विरलेलं ब्लँकेट आधी असं उन्हासमोर धरायचं. जिथून पलीकडची टाकी स्पष्ट दिसते, तिथलं सूत गेलेलं. मग दोन्ही चिमटींत धरून ओढायचं. टरकलं, तर त्याचं पायपुसणं करा. जाड मिंक ब्लँकेट नकोच, त्यातून हातसुई निघत नाही. पातळ सुती किंवा फ्लॅनेलचं सगळ्यांत बरं.

(वाफाळती बादली.)

सुती असेल तर 60 अंशांच्या कढत पाण्यात धुवा. ढेकणांची अंडीसुद्धा त्यात मरतात आणि कापड जेवढं आटायचं तेवढं आत्ताच आटतं. न आटवता आत शिवलं, तर पहिल्या धुण्यात वरच्या कापडाला चुण्या पडतात. गडद रंगावर ओला पांढरा रुमाल घासून बघा. रंग उतरला तर फिकट कापडाखाली ते ब्लँकेट घालू नका. हे काम नागपूरच्या मे महिन्यातच उरका. जुलैत आत ओल राहते.

(कात्री, जवळून.)

सॅटिनची किनार, लेबल, जाड शिवण, सगळं काढा. भोक चौकोनी कापून घ्या. तेवढाच तुकडा कडेला कड भिडवून तिरप्या टाक्यांनी जोडा. एकावर एक चढवला, की उंचवटा येतो आणि मशीनची सुई नेमकी तिथे तुटते.

(पसरलेले तीन थर.)

खाली गांधीबागेच्या कापडबाजारातून आणलेलं अस्तर, उलटी बाजू वर. वरच्या कापडापेक्षा अस्तर चारही बाजूंनी 4 इंच जास्त, ब्लँकेट 2 इंच. कच्चे टाके मधून कडेकडे, चार-चार बोटांवर. कडेपासून सुरुवात केली, तर मध्ये फुगा राहतो.

सुट्या कापसाच्या रजईत टाक्यांच्या ओळी लांब पडल्या, की कापूस सरकून गठ्ठे होतात. ब्लँकेट विणलेलं, ते सरकत नाही. ओळींमध्ये 6 इंच सोडले तरी चालतं. निम्मी मेहनत इथेच वाचते, आणि गोधडीत भरायचा नवा कापूस विकणारा हे कशाला सांगेल? मशीनला 16 नंबरची सुई लावा, टाका लांब ठेवा, कापड दाबून धरणाऱ्या मशीनच्या पायाचा (प्रेसर फूटचा) दाब कमी करा.

पॉलिस्टरचं ब्लँकेट असेल तर कडक इस्त्री नको, वितळतं. शेकोटीपासूनही लांब ठेवा.

एरवी ही ब्लँकेटं भांडेवाडीच्या कचऱ्याच्या ढिगात जातात.

(सुई-दोरा, कोपरा.)

कडेचं जास्तीचं ब्लँकेट आणि अस्तर छाटा. गोटाला, म्हणजे कड झाकायला, अडीच इंचांची पट्टी, दुहेरी दुमडून. कोपऱ्याच्या पाव इंच आधी थांबा, पट्टी वर दुमडून खाली आणा, मग पुढची बाजू शिवा.