त्रैक्य: बाजारात आणि उपासनेत

माईक चालतोय ना? मागं ऐकू येतंय? बरं.

पत्रिकेत विषय भारदस्त छापलाय, 'त्रैक्य आणि ख्रिस्ताचं देवपण'. पण आधी माझी जुनी तक्रार ऐका. त्रैक्य म्हणजे देव एकच, पण पिता, पुत्र (म्हणजे येशू ख्रिस्त) आणि पवित्र आत्मा असा तिघांत, ही ख्रिस्ती श्रद्धा. नागपुरात त्रैक्य म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं, 'म्हणजे आमच्या दत्तासारखंच की!' धंतोलीत, सदरला, लग्नाच्या पंगतीत, आणि एकदा तर दातांच्या डॉक्टरकडे, माझा आ वासलेला असताना. लोक आपुलकीनंच म्हणतात, म्हणून भांडताही येत नाही. पण ब्रह्मा-विष्णु-महेश म्हटलं की उत्पत्ती, स्थिती, लय अशी खातेवाटप डोळ्यांपुढं येते. त्रैक्यात खातीच नाहीत. निर्मिती असो की तारण, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचं ते एकच काम. 'मग एकाच देवाचे तीन मुखवटे म्हणा', असा तोडगा तिसऱ्या शतकात सॅबेलियसच्या नावावर निघाला होता. चर्चनं तोही नाकारला.

तुमच्यातले निम्मे रोज सकाळी सेमिनरी हिल्सवर फिरायला जातात. ज्या सेमिनरीवरून ते नाव पडलं, त्या सेंट चार्ल्समध्ये भावी धर्मगुरूंना हेच शिकवतात. पण हा विषय फक्त धर्मगुरूंचा, असं समजू नका. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातलं कॉन्स्टँटिनोपल बघा. नीसाचा बिशप ग्रेगरी वैतागून सांगतो: नाणी मोडून घ्यायला गेलात, तर सराफ जन्मलेला कोण आणि अजन्मा कोण यावर प्रवचन देतो. पावाचा भाव विचारलात, तर उत्तर येतं, 'पिता थोर, पुत्र त्याच्या खालचा.' न्हाणीघर तयार आहे का विचारलंत, तर नोकर म्हणतो, 'पुत्र शून्यातून निर्माण झाला.' इतवारीत तुरीच्या डाळीचा भाव विचारावा आणि दुकानदारानं तराजू बाजूला ठेवून द्वैत-अद्वैत काढावं, तसं! ग्रेगरी चिडला होता, मला मात्र त्या पाववाल्याचं कौतुक वाटतं. त्याच्या आधी, पुत्र हा निर्मिलेला आहे असं शिकवणाऱ्या एरियस या धर्मगुरूनं तर आपलं मत गाण्यांत बांधलं होतं, खलाशांसाठी, गिरणीवाल्यांसाठी, वाटसरूंसाठी. हसू नका, प्रचार करावा तर असा.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? अहो, मुद्दा आत्ता कुठं येतोय!

तर भरभर सांगतो. माझं म्हणणं एवढंच की आधी प्रार्थना आली, सिद्धांत मागून आला. इ. स. ११२ च्या सुमारास बिथिनियाचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या एका प्रांताचा, रोमन अधिकारी प्लिनी सम्राट ट्राजनला कळवतो की हे ख्रिस्ती ठरल्या दिवशी पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. त्याच बिथिनियात नायसिया. तिथं ३२५ साली सम्राट कॉन्स्टंटाइननं बिशपांची परिषद भरवली, म्हणजे दोनशे वर्षांनी. काही लोक म्हणतात, तिथं मतदान करून येशूला देव केलं. अहो, गाणं आधीच चालू होतं!

एरियसचा तर्क सरळ होता: पुत्र म्हटला की तो पित्यानंतरचा, म्हणजे तो नव्हता असाही एक काळ होता. त्याचा विरोधक, अलेक्झांड्रियाचा अथानासियस, याचं उत्तर उपासनेतून आलं. ख्रिस्त निर्मिलेला असेल, तर आपण निर्मितीची पूजा करतोय. आणि जो स्वतः निर्मिलेला आहे, तो दुसऱ्याला देवाशी कसा जोडणार? परिषदेनं लिहिलं, 'जन्मलेला, केलेला नव्हे, पित्याशी एकतत्त्व.' पण भांडण मिटलं नाही. अथानासियसला पुढं पाच वेळा हद्दपार व्हावं लागलं.

३२५ च्या मतांगीकारात, म्हणजे परिषदेनं लिहिलेल्या श्रद्धेच्या कबुलीत, पवित्र आत्म्याचा जेमतेम उल्लेख आहे. तिथंही तोच न्याय लागला: बाप्तिस्मा तिघांच्या नावानं देता, मग तिसरा कमी कसा? ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेनं ती ओळ वाढवली, पिता आणि पुत्र यांच्यासह त्याचीही उपासना होते म्हणून.

एकच येशू पूर्ण देव आणि पूर्ण माणूस कसा, ते ठरवणारी ४५१ ची कॅल्सेडनची परिषद सांगायची राहिलीच. ज्यांना हवं त्यांनी चहाच्या टेबलापाशी गाठा.