दम लागतो म्हणून तुम्ही काय काय सोडलंत?

नमस्कार. समोर बसलेल्यांपैकी काही जणांच्या नाकाला नळी आहे, काही जण त्यांना सोबत म्हणून आले आहेत. मी श्वसन-पुनर्वसनाचं काम करते. फुफ्फुसाचा जुनाट आजार असलेल्यांना व्यायाम, श्वास घेण्याच्या पद्धती आणि रोजची कामं शक्ती राखून कशी करायची, हे शिकवणं म्हणजे माझं काम.

आमच्याकडे दम मोजायची एक मोजपट्टी आहे, ० ते ४. जोराचे श्रम केले तरच दम लागत असेल तर शून्य, कपडे बदलतानाही लागत असेल तर चार. एका गृहस्थांना मी त्यावरूनच विचारत होते. ते म्हणाले, "नाही हो, हल्ली दम तसा लागत नाही." शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी हळूच म्हणाल्या, "लागेल कसा? खुर्चीतून उठतच नाहीत."

त्या दिवसापासून मी माझा प्रश्न बदलला. आता मी विचारते, दोन वर्षांपूर्वी करत होतात आणि आता करत नाही, असं काय आहे? मग हळूहळू यादी बाहेर येते. वरच्या मजल्यावर जाणं सोडलं. स्वतः आंघोळ करणं सोडलं, कारण हात डोक्यावर नेले की धाप लागते. फोनवर बोलणं सोडलं, कारण मध्येच श्वास तुटतो आणि पलीकडचा घाबरतो. एक बाई म्हणाल्या, "मी हसणं सोडलंय. हसलं की खोकला सुटतो, आणि खोकला आला की कपडे ओले होतात." हे त्यांनी डॉक्टरांना कधीच सांगितलं नव्हतं, घरातही कुणाला नाही. यातली कुठलीही गोष्ट एका दिवसात सुटलेली नसते. एकेक करून सुटते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

हे का होतं ते समजून घ्यायला थोडं शरीराबद्दल बोलावं लागेल. सीओपीडी म्हणजे श्वासनलिका अरुंद करणारा फुफ्फुसाचा जुनाट आजार. त्यात अडचण मुख्यतः श्वास बाहेर सोडण्याची असते. वाट अरुंद, म्हणून हवा सावकाश बाहेर पडते. आता हा माणूस घाबरला तर काय होईल? श्वास जलद होईल. आधीची हवा पुरती बाहेर पडायच्या आत पुढचा श्वास आत येईल. छातीत हवा साठत जाईल आणि भरलेल्या घागरीत पाणी ओतावं तसं प्रत्येक नवा श्वास त्यावरच घ्यावा लागेल. दम वाढतो, दम वाढला की भीती वाढते, भीतीने श्वास आणखी जलद होतो. भीती मनात सुरू झाली तरी दोन मिनिटांत ती छातीतल्या हवेचा खराखुरा प्रश्न होऊन बसते.

म्हणून नातेवाईक जेव्हा म्हणतात, "काही नाही, उगाच घाबरतात, भित्यापाठी ब्रह्मराक्षस," तेव्हा मला फार वाईट वाटतं. ही म्हण इथे लागू पडत नाही. हवा कमी पडतेय हा शरीराचा फार जुना इशारा आहे. मेंदूत दम जाणवण्याचं काम आणि भीतीचं काम करणारे भाग बरेचसे एकमेकांत गुंतलेले असतात, इन्सुला हा त्यातला एक. तेव्हा दम लागला की भीती वाटणारच. त्यात भित्रेपणा नाही.

ऑक्सिमीटरबद्दल एक गोष्ट सांगते. बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं ते छोटं यंत्र अनेकांच्या उशाशी असतं. दिवसातून तीस-चाळीस वेळा बोट घालून पाहणारी माणसं मी पाहिली आहेत. आकडा चांगला असतो आणि दम मात्र लागलेला असतो, मग ते म्हणतात यंत्रच बिघडलंय. यंत्र ठीक असतं. दम म्हणजे केवळ ऑक्सिजनची कमतरता नव्हे. श्वासाच्या स्नायूंना किती ओढावं लागतंय, छातीत किती हवा अडकली आहे, मन किती धास्तावलं आहे, हे सगळं मिळून दम होतो. एकाच दर्जाचा आजार असलेली दोन माणसं घ्या, फुंकायची तपासणी सारखी येईल, पण एक रोज फिरायला जातो आणि दुसऱ्याने अंथरूण धरलेलं असतं. स्पायरोमेट्रीच्या, म्हणजे या फुंकायच्या तपासणीच्या, आकड्यावरून माणूस कसा जगतोय ते कळत नाही, ही माझी ठाम समजूत झाली आहे.

केंब्रिजमध्ये दमाच्या त्रासावरच काम करणारा एक चमू आहे. त्यांनी याची मांडणी तीन चक्रांत केली: श्वासाचं, विचाराचं आणि हालचालीचं. पहिली दोन आपण पाहिली. तिसरं सर्वांत छुपं. दम लागतो म्हणून माणूस बसून राहतो. बसल्याने मांड्यांचे स्नायू ओसरतात. दुबळे स्नायू तेवढ्याच चालण्याला जास्त आम्ल तयार करतात, ते बाहेर टाकायला जास्त श्वास लागतो. म्हणजे विश्रांतीनेच दम वाढतो. घरचे मायेपोटी म्हणतात, "तुम्ही बसा, मी करते," आणि त्या मायेने माणूस दर महिन्याला थोडा थोडा अधू होत जातो. मी घरच्यांना एवढंच सांगते, त्यांचं काम काढून घेऊ नका, वेळ वाढवून द्या. दाढी करायला वीस मिनिटं लागत असतील तर लागू द्या. बसून करू द्या.

पुनर्वसनात आम्ही साधारण ६ ते १२ आठवडे, आठवड्यातून दोन-तीनदा व्यायाम करून घेतो. त्यात मुद्दाम दम लागू देतो. दम किती लागला ते रुग्णाने स्वतःच सांगायच्या ० ते १० च्या बोर्ग पट्टीवर चारच्या आसपास. पहिल्या दिवशी लोक माझ्याकडे अविश्वासाने बघतात. पण सोबत कुणी जाणकार असताना दम लागला, आपण थांबलो, पुढे झुकलो, आणि तो उतरला, हे दहा वेळा अनुभवलं की शरीर शिकतं: दम लागणं म्हणजे मरण नव्हे. हे भाषणाने शिकवता येत नाही, माझ्या आजच्या भाषणानेही नाही. २०१५ साली कोक्रेन या, उपचारांवरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात ६५ चाचण्या एकत्र पाहिल्या गेल्या. दम, थकवा, मनःस्थिती आणि आजार आपल्या ताब्यात असल्याची भावना, चारही बाबतींत पुनर्वसनाने फरक पडला. आणि गंमत अशी की फुंकायच्या तपासणीत जवळजवळ काहीच बदलत नाही. फुफ्फुस तेच राहतं. पाय बदलतात आणि भीती बदलते.

आता लाजेबद्दल, कारण ती भीतीइतकीच माणसाला घरात कोंडते. रक्तातला ऑक्सिजन फार कमी असणाऱ्यांना दिवसाचे किमान १५ तास ऑक्सिजन घेतल्याने आयुष्य वाढतं, हे १९८० आणि १९८१ च्या दोन चाचण्यांनी दाखवलं. तरी लोक पाहुणे आले की नळी काढून ठेवतात. चारचौघांत खोकला आला की माना वळतात, म्हणून कार्यक्रमाला जात नाहीत. पंप खिशात असतो, पण लोकांसमोर काढत नाहीत. "पंपाची सवय लागते" हे तर मी रोज ऐकते. सवय लागत नाही. चष्म्याची लागते का? चष्मा काढला की दिसेनासं होतं, कारण डोळा तसा आहे.

आणि ज्यांनी सिगारेट-बिडी ओढली त्यांची लाज आणखी वेगळी. "माझंच कर्म, मला कशाला मदत," असं म्हणून ते उपचारच मागत नाहीत. जुनाट फुफ्फुसविकार चुलीच्या धुराने होतो, कामावरच्या धुळीने होतो, जुन्या क्षयाने होतो. पण तंबाखूने झाला असला तरी काय? निकोटिनची पकड हा मेंदूचा व्यवहार आहे. सोडल्यावरची तगमग पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त असते, आणि नेमकं तेव्हाच घरचे टोमणे मारतात. टोमणे खाल्लेला माणूस सोडत नाही, लपवतो. निकोटिनच्या पट्ट्या, गोळ्या आणि समुपदेशन एकत्र दिलं तर सुटण्याची शक्यता वाढते. पुन्हा सुरू झाली तर पुन्हा सोडायची. बहुतेक जणांना एकाहून अधिक प्रयत्न लागतात.

उदासीपणा ओळखणं या आजारात अवघड असतं. थकवा, झोप न लागणं, भूक मंदावणं हे आजाराचंही लक्षण आणि नैराश्याचंही. १९८३ मध्ये तयार झालेली एक १४ प्रश्नांची प्रश्नावली आम्ही वापरतो. तिच्यात शरीराच्या तक्रारी जाणूनबुजून वगळल्या आहेत. पूर्वी ज्यात आनंद वाटायचा त्यात अजून वाटतो का, अशा तऱ्हेचे प्रश्न आहेत. हे घरातही विचारता येतं. उत्तर नाही असं आलं तर तेही डॉक्टरांना सांगा, खोकल्याइतकंच स्पष्टपणे. समुपदेशन आणि औषधं दोन्ही आहेत. फक्त झोपेच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका. त्यातल्या काहींनी श्वास मंदावतो.

एक विषय आहे जो कुणी काढत नाही. रात्री दिवा चालू ठेवून, उशांना टेकून बसणारी माणसं गुदमरून मरण्याच्या भीतीने जागी असतात. रुग्ण घरच्यांना सांगत नाही, घरचे त्यांना विचारत नाहीत, दोघंही एकमेकांना जपत असतात. मी विचारते. "रात्री कशाची भीती वाटते?" बहुतेकांचे डोळे भरतात आणि मग ते बोलतात. शेवटच्या टप्प्यातही दम आणि घाबरेपणा कमी करणारी औषधं असतात, पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे आजाराचा त्रास हलका करणारे, डॉक्टर असतात, आणि त्यांना शेवटच्या दिवसांसाठी थांबवून ठेवायचं नसतं. आजाराने उचल खाल्ली तर कुठलं औषध घ्यायचं, कुणाला फोन करायचा, कधी रुग्णालयात जायचं, हे कागदावर लिहून उशाशी ठेवलं की पुष्कळांना झोप लागते.

आता एक करून बघू. खुर्चीत थोडे पुढे झुका, कोपरं मांड्यांवर टेकवा, खांदे सैल. नाकाने श्वास घ्या. आता ओठांचा चंबू करून, गरम चहावर फुंकर घालतो तशी हळू सोडा, घेतला त्याच्या दुप्पट वेळ. जोर लावू नका. छोटा हातपंखा असेल तर गालावर आणि नाकाजवळ वारा घ्या. तिथल्या नसांना गार हवा लागली की दमाची जाणीव उतरते.

आता प्रश्न घेऊ. ज्यांना बोलताना दम लागतो त्यांनी कागदावर लिहून पुढे पाठवलं तरी चालेल. पण बोलायचं असेल तर बोला. वाक्य मध्ये तुटलं तर तुटू दे, श्वास घ्या, मग पुरं करा. आम्ही थांबतो.