पट्टी तळाला टेकल्यावर

[दृश्य: पट्टीवर टेकलेलं बोट, अगदी जवळून]

पियानोची पट्टी तळाला टेकली की त्या सुराच्या जोरावर वादकाचा ताबा उरत नाही. हातोडी तारेवर आदळून मागे फिरलेली असते. पण काही जुन्या सिंथेसायझरवर पट्टी टेकल्यावरही बोट रेटता येतं, आणि तोच सूर फुगतो, उजळतो, थरथरतो. याला म्हणतात आफ्टरटच. कल्पना बरीच जुनी आहे. कॅनडाच्या ह्यू ले केन यांनी १९४५ साली हाती घेतलेल्या इलेक्ट्रॉनिक सॅकबट या वाद्यातही बोटाच्या दाबावर आवाज कमीजास्त होत असे.

[दृश्य: उघडलेला कीबोर्ड, पट्ट्यांखालची फीत]

ही फीत बघा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरलेली. वर फेल्टचा थर, त्याखाली दोन पातळ पापुद्रे: एकावर वीजवाहक रेघा, दुसऱ्यावर कार्बनचा लेप. दाब वाढतो तसे पापुद्रे जास्त जागी एकमेकांना टेकतात आणि विजेला होणारा रोध घटतो. त्यामुळे बदललेलं व्होल्टेज आतलं सर्किट मोजतं. मिडी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यांनी एकमेकांशी बोलण्याची सामाईक भाषा, आल्यावर हाच दाब ० ते १२७ या आकड्यांत धावू लागला.

फेल्ट दिसायला किरकोळ, पण सगळी नजाकत त्याच्यात आहे. ते हळूहळू दबतं, म्हणून सूरही हळूहळू फुलतो. वर्षानुवर्षांनी ते कडक होतं, संपर्काच्या जागी मळ साचतो, मग अंगठ्याने जोर लावला तरी सूर हलत नाही. अशा वेळी फीत बाहेर काढून आधी संपर्क साफ करून बघावेत.

[दृश्य: चार सुरांचा कॉर्ड, एकच बोट जोर देतंय]

यामाहाचा डीएक्स-७ सिंथेसायझर, १९८३. सगळ्या पट्ट्यांचा दाब मिळून एकच. करंगळी रेटली तरी चारही सूर थरथरतात.

त्याआधीच्या, यामाहाच्याच १९७७ च्या सीएस-८० मध्ये प्रत्येक पट्टीचा दाब स्वतंत्र मोजला जाई. कॉर्डमधला एकच सूर वर काढायचा, बाकीचे शांत ठेवायचे. ग्रीक संगीतकार व्हँजेलिस यांच्या वादनात हे सतत ऐकू येतं. माझ्या मते कीबोर्डला गळा मिळाला तो इथे.

[दृश्य: सर्किट बोर्डवरच्या कॉइल्सची रांग]

एन्सोनिक या अमेरिकी वाद्यकंपनीने १९८० च्या दशकात वेगळीच वाट धरली. प्रत्येक पट्टीखाली एक कॉइल, म्हणजे वीजवाहक वेटोळं. पट्टीचा धातूचा तुकडा जवळ येईल तसं कॉइलचं इंडक्टन्स, म्हणजे बदलत्या विजेला अडवण्याचा तिचा गुण, बदलतं. पट्टी किती वेगाने खाली आली आणि नंतर किती दाबली गेली, दोन्ही याच कॉइलवरून कळतं. कार्बन नाही, घासणारा संपर्कही नाही.