वीस इंचांवर धरलेला मीटर

(पडद्यावर: मोटरसायकलची मागची नंबर प्लेट, कोपऱ्यात छोटा स्टिकर)

हा प्लेटच्या कोपऱ्यात चिकटवलेला स्टिकर बघा, नखापेक्षा जरा मोठा असेल, पण आमच्या मॅसॅच्युसेट्समधे हा नसला की बाईक रस्त्यावर आणायची सोय नाही. दरवर्षी 31 मे ला संपतो, 15 डॉलर भरायचे, मग इन्स्पेक्शनवाला हॉर्न वाजवून बघतो, ब्रेक, लाईट, टायर, हँडल बघतो, आणि शेवटी मागे जाऊन वाकतो आणि सायलेन्सर बघतो.

माझं घोडं तिथेच अडलं. पाच वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, दोन सिलिंडरची बाईक, नवीन सायलेन्सर बसवून दोनच महिने झाले होते, आवाज असा की छातीत वाजायचा आणि मला तो फार आवडायचा, खोटं कशाला बोलू. त्या माणसाने गाडी चालू करायला सांगितली, दोनदा रेस द्यायला लावली, डोकं हलवलं आणि म्हणाला, खूप मोठा आहे, रिजेक्ट. मी विचारलं किती मोठा? तो म्हणाला, खूप. मी विचारलं किती पाहिजे होता? तो माझ्याकडे नुसता बघत राहिला, कारण त्याच्याकडे आकडाच नव्हता, मीटर नव्हता, होते ते फक्त कान.

ही सगळी डॉक्युमेंटरी त्या एका प्रश्नाची आहे, किती पाहिजे होता. अमेरिकेतले मोटरसायकलवाले हाच प्रश्न कित्येक वर्षं राज्याराज्यांच्या विधिमंडळात जाऊन विचारतायत.

आधी थोडं मागे जाऊ. 1972 मधे अमेरिकेत नॉइज कंट्रोल अॅक्ट आला, आणि त्याच्याखाली पर्यावरण खात्याने, म्हणजे ईपीएने, 1980 च्या अगदी शेवटच्या दिवशी मोटरसायकलच्या आवाजाचे नियम छापले. 1983 पासूनच्या रस्त्यावरच्या बाईकला 83 डेसिबल, 1986 पासून 80. आणि प्रत्येक सायलेन्सरवर कंपनीने शिक्का मारायचा की हा नियमात बसतो, नंतर बाजारात विकायला येणाऱ्या सायलेन्सरवरसुद्धा. पण झालं काय, नियमाची शाई वाळते न वाळते तोच ईपीएच्या आवाजवाल्या विभागाचे पैसेच बंद झाले, रेगन सरकार आलं होतं, 1982 च्या सुमाराला विभाग गुंडाळला गेला. कायदा राहिला, शिक्का राहिला, बघणारं कोणी राहिलं नाही. मग ते ओझं आलं राज्यांवर आणि गावांवर, आणि ज्याला जसं सुचेल तसं त्याने केलं.

आता तो 80 चा आकडा कसा मोजतात ते नीट समजून घ्या कारण सगळी गोम तिथे आहे. मोकळा ट्रॅक लागतो, बाईक एका ठरलेल्या वेगाने येते, ठरलेल्या जागी थ्रॉटल पूर्ण पिळतात, आणि 50 फुटांवर ठेवलेला मायक्रोफोन सगळ्यात मोठा आवाज पकडतो. कारखान्यात, टेस्ट ट्रॅकवर हे ठीक आहे. आपल्याकडे पुण्यात वेताळ टेकडीच्या कडेला एआरएआय आहे ना, तिथे बाजारात येण्याआधी आपल्या गाड्यांची तपासणी होते ती साधारण याच जातीची, फक्त माइक साडेसात मीटरवर. पण रात्री साडेदहाला हायवेच्या कडेला उभा असलेला पोलिस हे करणार कसं? त्याला ना ट्रॅक ना माइक. म्हणून त्याला सोपं काय पडतं तर शिक्का शोधणं. बॅटरी मारायची, बाईकखाली वाकायचं, शिक्का आहे, जा, नाही, पावती फाड.

डेन्व्हरने 2007 मधे हेच केलं, बॉस्टनने 2009 मधे केलं, 300 डॉलर दंड. कॅलिफोर्नियाची गोष्ट तर अजून मोठी, तिथे फ्रॅन पेव्हली नावाच्या राज्याच्या सिनेटर होत्या, त्यांचं एसबी 435 हे बिल सुरुवातीला मोटरसायकलींना कारसारखी स्मॉग, म्हणजे धुराची, तपासणी लावणारं होतं, दर दोन वर्षांनी. रायडर मंडळी तुटून पडली. बिल बदलत बदलत शेवटी शिक्क्यावर आलं, 2010 मधे गव्हर्नर श्वार्झनेगर यांनी सही केली, 1 जानेवारी 2013 पासून बनलेल्या बाईकवर ईपीएचा शिक्का दिसलाच पाहिजे. पहिल्यांदा सापडलात तर 50 ते 100 डॉलर. पण या भांडणातून एक वाक्य कायद्यात आलं ते मला फार मोलाचं वाटतं, की नुसत्या शिक्क्याच्या संशयावरून पोलिसाने मोटरसायकल थांबवायची नाही, दुसऱ्या कुठल्या कारणाने थांबवली असेल तरच हे बघायचं. रस्त्यावर हात दाखवून थांबवलं जाण्याचा अनुभव ज्याला आहे त्याला या एका वाक्याची किंमत कळेल.

(पडद्यावर: जुना गंजलेला सायलेन्सर, शिक्का जवळून)

आता हा सायलेन्सर बघा. शिक्का आहे, अक्षरं अजून वाचता येतात. आणि आतलं पॅकिंग सगळं उडून गेलंय, वेल्डपाशी बोट जाईल एवढं भोक आहे, चालू केला तर कानठळ्या बसतात. शिक्क्याच्या हिशोबाने हा कायदेशीर. आणि शेजारचा हा दुसरा, शिक्का नाही, पण आवाज मांजरासारखा, तर हा बेकायदेशीर. रायडर लोकांचं म्हणणं हेच होतं की बाबांनो तुम्ही आवाजाचा कायदा करताय की शिक्क्याचा?

न्यू हॅम्पशायरमधे नॉर्थ हॅम्प्टन म्हणून समुद्राकाठचं गाव आहे, उन्हाळ्यात बाईकांची रांग लागते तिथल्या रस्त्यावर. गावातल्या लोकांनी 2010 मधे मतदान करून शिक्क्याचा नियम आणला, प्रकरण कोर्टात गेलं आणि कोर्टाने गावाचा नियम चालू दिला नाही. पण त्या गावातल्या माणसाची बाजू मी खोटी म्हणणार नाही. रविवारची दुपार, खिडक्या उघड्या, घरात तान्हं बाळ नुकतं झोपलंय, आणि बाहेरून एकामागे एक चाळीस बाईक, त्यातल्या चार सरळ पाइपवाल्या, म्हणजे सायलेन्सरच नसलेल्या. त्या बाळाच्या आईला शिक्का आणि डेसिबल यातला फरक सांगायला जाऊ नका.

आणि इथे मला ज्यांच्याबद्दल मनापासून आदर वाटतो ती माणसं येतात. अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशन, एएमए, 1924 ची संस्था, ओहायोत पिकरिंग्टनला मुख्यालय. त्यांनी आपल्याच लोकांना तोंडावर सांगितलं की मोटरसायकलवाल्यांबद्दल समाजात जेवढी अढी बसलीय तिचं एक मोठं कारण हा अति आवाज आहे. हे बोलायला हिंमत लागते, कारण रायडरांमधे एक घोषणा घरोघरी आहे, की मोठा पाइप जीव वाचवतो. जॅकेटवर शिवलेली असते, स्टिकरवर असते. मीसुद्धा म्हणायचो.

पण बघा, पाइपचं तोंड कुठे असतं? मागे. आणि धोका येतो कुठून? हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिसमधे 900 पेक्षा जास्त अपघात जागेवर जाऊन तपासले, 1981 मधे त्यांचा रिपोर्ट आला, आजही लोक हर्ट रिपोर्ट म्हणून त्याचा दाखला देतात. त्यात निघालं की तीन चतुर्थांशपेक्षा जास्त वेळा धोका समोरच्या बाजूला, सरळ रेषेच्या डावी-उजवीकडे 45 अंशांच्या आत असतो. म्हणजे समोरून येऊन आपल्या आडवी डावीकडे वळणारी कार, इथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. आवाज तुम्ही मागच्याला ऐकवताय आणि धडकणारा समोर आहे. हे वाचल्यावर मी ते वाक्य बोलायचं बंद केलं.

तर एएमए नुसती बोलून थांबली नाही. 2003 मधे आवाजाच्या प्रश्नावर बैठक घेतली, त्यातून मागणी आली की रस्त्यावर सहज करता येईल अशी चाचणी पाहिजे, मग मोटरसायकल इंडस्ट्री कौन्सिलने त्यावर काम केलं आणि 2009 च्या मे महिन्यात एसएई या इंजिनिअर लोकांच्या संस्थेने मानक छापलं, जे 2825. नाव रुक्ष आहे पण गोष्ट सुंदर आहे, दाखवतोच.

(पडद्यावर: पार्किंग लॉट, मीटर, टेप, बाईक)

बाईक उभी. मी सीटवर बसलोय, गिअर न्यूट्रल. माझा मित्र मागे टेप घेऊन, पाइपच्या तोंडापासून 20 इंच, सरळ मागे नाही तर 45 अंशाच्या तिरक्या रेषेत, पाइपच्याच उंचीवर मीटर धरायचा. आजूबाजूचा आवाज बाईकपेक्षा निदान 10 डेसिबल कमी पाहिजे, म्हणून आम्ही रविवारी सकाळी सातला आलोय, शेजारी लीफ ब्लोअर चालू असेल तर सगळं मुसळ केरात. आधी इंजिन आयडलवर, म्हणजे थ्रॉटल न पिळता नुसतं चालू, 92 च्या आत पाहिजे. मग माझ्यासारखी दोन सिलिंडरची असेल तर 2000 आरपीएमवर धरायची, 96 च्या आत. तीन किंवा चार सिलिंडरची असेल तर 5000 आरपीएमवर, 100 च्या आत. झालं. पाच मिनिटं. ट्रॅक नको, लॅब नको, पोलिसाला करता येईल, इन्स्पेक्शनवाल्याला येईल, तुम्हाला तुमच्या दारात येईल.

मेन आणि न्यू हॅम्पशायर या दोन राज्यांनी हे मानक घेतलं. आमच्या शेजारची राज्यं, घरून निघालो तर तासाभरात न्यू हॅम्पशायरची हद्द लागते. तिथेच लकोनियाची मोटरसायकल रॅली भरते, 1916 पासूनची, जूनमधे वीअर्स बीचचा रस्ता बाईकांनी भरून जातो. एवढी मोठी रॅली ज्या राज्यात भरते त्या राज्याने आकडा लिहून दिला याचं मला कौतुक आहे.

एक गोष्ट सांगायची राहिलीच आणि ती सोडून चालणार नाही. इन्स्पेक्शन म्हणजे फक्त स्टिकर नाही, रस्त्यावरचं पण असतं. न्यू यॉर्कच्या स्टेट पोलिसांनी फक्त मोटरसायकलींसाठी नाके लावले, कार जाऊ द्यायच्या, ट्रक जाऊ द्यायचे, बाईक बाजूला, हेल्मेट बघ, पाइप बघ, स्टिकर बघ. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात तसं, ज्याचं सगळं कागदोपत्री बरोबर तोही अर्धा तास उन्हात उभा. रायडर कोर्टात गेले आणि हरले, 2011 मधे फेडरल कोर्टाने नाके घटनेत बसतात म्हणून निकाल दिला. आणि त्याच सुमाराला फेडरल रस्ता सुरक्षा खात्याने जॉर्जिया राज्याला असल्याच नाक्यांसाठी 70,000 डॉलर दिले होते.

मग या लोकांनी काय केलं, तर कोर्टाचा नाद सोडला आणि विधिमंडळाची वाट धरली. एबेट नावाच्या राज्याराज्यातल्या संघटना, वॉशिंग्टनमधली मोटरसायकल रायडर्स फाउंडेशन, एएमए. लेदरचे जाकीट घातलेली, दाढीवाली, सुतारकाम करणारी, नर्स असलेली, रिटायर्ड सैनिक अशी माणसं आमदारांच्या ऑफिसात जाऊन रांगेत बसायची, हातात बिलाचा कागद. कॅलिफोर्नियाने 2012 मधे फक्त मोटरसायकलींचे नाके बंद केले. विस्कॉन्सिनचे खासदार जिम सेन्सनब्रेनर यांनी काँग्रेसमधे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, विषय लावून धरला, आणि 2015 च्या फास्ट अॅक्ट या रस्ते-वाहतुकीच्या कायद्यात आलं की फेडरल पैसा असल्या नाक्यांना मिळणार नाही. कोर्टात हरलेली गोष्ट चार वर्षांत कायद्याने मिळाली. आपल्याकडे मोर्चा काढतो, निवेदन देतो, फोटो काढतो आणि घरी येतो, इथे बिलाचा नंबर पाठ करून तीन तीन अधिवेशनं मागे लागायची पद्धत मी या लोकांकडून बघितली.

सगळी राज्यं एका दिशेने जातायत असंही नाही. न्यू यॉर्कने 2021 मधे बेकायदेशीर सायलेन्सरचा दंड 1,000 डॉलरपर्यंत नेला आणि इन्स्पेक्शन स्टेशनवर सायलेन्सर बघणं लावलं. टेक्सासने उलट केलं, 1 जानेवारी 2025 पासून खाजगी गाड्यांची सेफ्टी तपासणीच बंद, साडेसात डॉलरची फी मात्र ठेवली. माझ्या ओळखीतले बरेच रायडर टेक्सासवर खूश आहेत. मी नाही. माझ्या मागच्या टायरला खिळ्याचा जुना तडा होता तो मला दिसला नव्हता, इन्स्पेक्शनवाल्याला दिसला, त्या 15 डॉलरने मी आज इथे बोलतोय असं मी मानतो. तपासणी पाहिजेच, फक्त ती मोजून पाहिजे.

पुण्यात, कोल्हापुरात पोलिस जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडतात आणि वरून रोडरोलर फिरवतात, व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेत. बुलेटच्या फटाक्यांनी म्हाताऱ्या माणसांचा जीव जातो, कारवाई झालीच पाहिजे. पण आपल्या पीयूसीवाल्याच्या टपरीवर धूर मोजायचं मशीन आहे, आवाजाचं नाही. रोलर परवडतो आणि मीटर का परवडत नाही हा प्रश्न मी इथून विचारतो, आणि तिथल्या रायडर ग्रुपनी विचारावा असं मला फार वाटतं.

(पडद्यावर: मीटरचा डिस्प्ले जवळून)

माझ्या बाईकचं काय झालं ते सांगतो. रिजेक्ट झाल्यावर मी चिडून स्वतः मीटर घेतला, त्या माणसाला खोटं ठरवायला. आयडलवर 90 आला, मी मित्राला टाळी दिली. मग 2000 आरपीएमवर धरली, आणि मित्र काही बोलेचना. उतरून बघितलं तर 98. परत केलं, 98. मीटर जरा सरकवून परत नीट टेप लावून केलं, 98. दोनच डेसिबल वाटतात पण डेसिबलचा हिशोब साधा नसतो, 10 वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते, त्यामुळे दोनसुद्धा कमी नाहीत. आमच्या राज्याच्या कायद्यात हा आकडा नाही, तरी मला माझं उत्तर मिळालं होतं. त्याच दुपारी गॅरेजमधून कंपनीचा जुना सायलेन्सर काढला, शिक्क्यावरची धूळ पुसली आणि बसवला. आणि रात्री माझ्या राज्य प्रतिनिधींना पहिलं पत्र लिहिलं, की 92, 96 आणि 100 हे तीन आकडे कायद्यात लिहा आणि प्रत्येक इन्स्पेक्शन स्टेशनला मीटर द्या. त्यानंतर दरवर्षी एक लिहितो.

यावर्षी मे महिन्यात परत त्याच स्टेशनवर गेलो होतो. हॉर्न वाजवला, ब्रेक बघितला, टायरवर बोट फिरवलं. मग मागे गेला, वाकला, मला रेस द्यायला सांगितली, आणि मान तिरकी करून ऐकत राहिला. मी माझा मीटर बॅगेतून काढून त्याच्यासमोर धरला, 20 इंच, 45 अंश. 93. त्याने वाकून आकडा वाचला, मला विचारलं की हे मशीन कितीला मिळतं, आणि प्लेटवर नवीन स्टिकर लावला.