न आलेल्या पालकाची सही

एप्रिल सरत आला की माझ्या टेबलासमोर बसणारी माणसे बदलतात. मी नोटरी आहे. एरवी माझा दिवस भाडेकरार, वारसांची प्रतिज्ञापत्रे आणि गॅझेटमधले नावबदल यांत जातो. शाळांना सुटी लागली की मात्र नातवंडांचे पासपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आजी-आजोबा येऊ लागतात. “मॅडम, मुलगा-सून ऑफिसला गेलेत, सह्या करून ठेवल्यात, तुम्ही फक्त शिक्का मारून द्या, परवाचं विमान आहे,” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की पिशवी उघडण्याआधीच मला ते कळते. अशा आजी-आजोबांना मी शिक्का न मारता परत पाठवते आणि ते नाराज होऊन जातात. ज्या कागदावरून ही नाराजी होते, त्या पालकांच्या संमतीपत्राविषयी मी आज बोलणार आहे.

हे पत्र कोणासाठी लिहायचे असते, याचा विचार फारसा कोणी करत नाही. ते आपल्या व्याह्यांना दाखवायचे नसते आणि न्यायालयातही सहसा द्यायचे नसते. रात्री दोन वाजता परक्या देशातल्या विमानतळावर काचेमागे बसलेला, तुमच्या घरातले कोणीच ओळखत नसलेला एक अधिकारी ते वाचणार असतो. त्याच्यासमोर एक मूल आणि एक किंवा दोन मोठी माणसे उभी असतात. या मुलावर ज्यांचा कायद्याने अधिकार आहे त्यांच्यापैकी जो इथे नाही, त्याला हा प्रवास माहीत आहे काय आणि मान्य आहे काय, एवढेच त्याला दोन मिनिटांत ठरवायचे असते. न आलेल्या पालकाला त्या खिडकीशी हजर करण्याचे काम या कागदाला करायचे असते, आणि पत्रात काय असावे व काय नसावे हे सगळे त्यावरूनच ठरते.

अधिकाऱ्याला ही शंका यावीच का, असे प्रेमळ कुटुंबातल्या माणसांना वाटते आणि तसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु मूल पळवून नेणारा माणूस पुष्कळदा अनोळखी नसतो, तो त्या मुलाचा बाप असतो किंवा आई असते. संसार मोडतो, दोघांपैकी एक जण मुलाला घेऊन आपल्या मूळ देशात निघून जातो आणि दुसरा कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहतो. अशा मुलाला त्याच्या नेहमीच्या वास्तव्याच्या देशात लवकर परत पाठवता यावे, यासाठी २५ ऑक्टोबर १९८० रोजी हेग येथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला. सोळा वर्षांखालील मुलांना लागू असलेल्या या करारात आज शंभरांहून अधिक देश आहेत, भारत मात्र त्यात नाही. विधी आयोगाने २००९ मध्ये आपल्या २१८व्या अहवालात भारताने करारात सामील व्हावे अशी शिफारस केली होती. परदेशातला छळ सोसून मुलासह माहेरी परतलेल्या स्त्रीला हा करार पुन्हा त्याच घराच्या दाराशी नेऊन उभी करील, हा त्याला असलेला विरोधही पोकळ नाही. अशा स्त्रियांची प्रकरणे मी हाताळली आहेत, त्यामुळे या प्रश्नावर मला चटकन एका बाजूला उभे राहता येत नाही. पण करारात नसण्याचा परिणाम लक्षात घ्या: भारतात आणलेले मूल परत मिळवणे अवघड, हे बाहेरच्या देशांना पक्के ठाऊक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये नित्या आनंद राघवन यांच्या प्रकरणात सांगितले की, परदेशी न्यायालयाचा आदेश हा विचारात घ्यायच्या अनेक बाबींपैकी एक आहे, सर्वोच्च आहे ते मुलाचे हित. म्हणून तिकडच्या भारतीय कुटुंबात मूल एकाच पालकाबरोबर मुंबईला निघाले आणि संसारात आधीच तडा गेलेला असला, तर तिथले वकील आणि न्यायाधीश कान टवकारतात.

पालकांची संमती तपासण्याचा हा दरवाजा प्रत्येक देश वेगळ्या जागी बसवतो. अमेरिकेतून बाहेर पडताना आपल्याकडच्यासारखी इमिग्रेशनची खिडकीच नसते, त्यामुळे तिथे मुख्य अडसर पासपोर्ट देतानाच घातला आहे. सोळा वर्षांखालील मुलाच्या पासपोर्टसाठी दोन्ही पालकांची संमती लागते आणि एकाला हजर राहता येत नसेल, तर त्याला डीएस-३०५३ या फॉर्मवर नोटरीसमोर सही करून द्यावी लागते. मुलासोबत प्रवास करताना संमतीपत्र जवळ ठेवा, असा सल्ला अमेरिका आणि कॅनडा दोन्ही सरकारे देतात, सक्ती करत नाहीत. फ्रान्सची गोष्ट निराळी आहे. तिथे अल्पवयीन मुलांना देशाबाहेर जाण्यासाठी लागणारे पालकांचे परवानगीपत्र २०१३ मध्ये रद्द झाले होते, ते १५ जानेवारी २०१७ पासून पुन्हा आले. मधल्या काळात सीरियातल्या लढाईकडे निघालेल्या कोवळ्या वयाच्या मुलांनी सरकारची झोप उडवली होती. कागदाचे नाव तेच राहिले, धास्ती बदलली. दक्षिण आफ्रिकेने मुलांच्या तस्करीचे कारण देऊन १ जून २०१५ पासून दोन्ही पालकांची नावे असलेला सविस्तर जन्मदाखला आणि गैरहजर पालकाचे प्रतिज्ञापत्र सक्तीचे केले. सहलीला निघालेली कुटुंबे विमानतळावरूनच परत फिरू लागली, पर्यटन व्यवसायाने ओरड केली आणि अखेरीस २०१९ मध्ये परदेशी मुलांना त्यातून सूट मिळाली.

आपल्याकडेही खरा दरवाजा पासपोर्टपाशी आहे. अल्पवयीन मुलाच्या अर्जासोबत आईवडिलांनी ‘परिशिष्ट ड’मध्ये घोषणा करायची असते, आणि एका पालकाची संमती मिळत नसेल तर दुसऱ्याने ‘परिशिष्ट क’ भरून त्याचे कारण सांगायचे असते. डिसेंबर २०१६ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने या परिशिष्टांची संख्या १५ वरून ९ वर आणली, ती साध्या कागदावर चालतील आणि त्यांवर नोटरीची गरज नाही असे जाहीर केले. माझ्या धंद्याला त्याने थोडी झळ लागली, तरी निर्णय चांगला होता. दुसरी चाळणी व्हिसाची. शेंगेन देशांच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या, अर्जासोबत न जाणाऱ्या पालकाचे ना-हरकत पत्र आणि त्याच्या पासपोर्टची प्रत मागितली जाते, आणि बहुतेक लोक माझ्याकडे येतात ते या टप्प्यावर. नेपाळचा रस्ता यापेक्षा सोपा आहे: पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलाला शाळेच्या मुख्याध्यापकांनी ठरावीक नमुन्यात दिलेले ओळखपत्र चालते. पासपोर्टशिवाय, मुख्याध्यापकांच्या सहीवर सीमा ओलांडता यावी, ही गोष्ट मला अजूनही लोभस वाटते.

‘पालक’ म्हणजे नेमके कोण, याचे उत्तर आपल्या कायद्यात बराच काळ एकेरी होते. १९५६च्या हिंदू अल्पवयीनता व पालकत्व कायद्याच्या कलम ६ प्रमाणे नैसर्गिक पालक वडील, आणि त्यांच्यानंतर आई. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावाने रोखे घेण्यासाठी अर्ज केला तेव्हा रिझर्व्ह बँकेने वडिलांची सही मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९९ मध्ये न्यायालयाने ‘नंतर’ या शब्दाचा अर्थ ‘वडिलांच्या मृत्यूनंतर’ एवढाच न घेता ‘वडिलांच्या अनुपस्थितीत’ असाही लावला. तरीसुद्धा आजही माझ्यासमोर बसलेले एखादे वडील विचारतात, “मी मुलाला घेऊन जातोय, मग तिची सही कशाला?” परदेशातला अधिकारी आईची सही तितक्याच गांभीर्याने मागेल हे मी त्यांना सांगते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचे आश्चर्य पाहण्यात मला थोडा आनंद होतो हे नाकारत नाही.

आता नावांचा गोंधळ, कारण आपल्या लोकांचे काम सर्वांत जास्त तिथेच अडते. माझे स्वतःचे पहिले नाव लग्नात बदलले. ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने नवे नाव लिहिले गेले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या पिढीतल्या कितीतरी स्त्रियांचे पदवी प्रमाणपत्र माहेरच्या नावाचे, मुलाचा जन्मदाखला सासरच्या नावाचा आणि पासपोर्ट या दोहोंच्या मधल्याच कुठल्या तरी नावाचा असतो. धाकट्या पिढीतल्या मुली नाव बदलत नाहीत, म्हणजे आईचे आडनाव एक आणि मुलाचे दुसरे. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि मग आडनाव असा क्रम आहे, त्यामुळे मोठ्या भावाचे नाव तीन शब्दांचे आणि धाकट्या बहिणीचे चार शब्दांचे, अशी घरे आता दिसू लागतील. परक्या अधिकाऱ्याला यातले काही ठाऊक नसते; त्याला दोन पासपोर्टांवर दोन वेगळी नावे दिसतात एवढेच. म्हणून पत्रात प्रत्येक नाव पासपोर्टमध्ये आहे तसे, अक्षरशः तसेच लिहावे, सोबत जन्मदाखल्याची प्रत जोडावी आणि आईचे नाव दोन कागदांवर वेगळे असेल तर ती व्यक्ती एकच असल्याचे एका वाक्यात सांगून विवाह प्रमाणपत्र जोडावे.

बाकी मजकूर छोटाच असतो. मुलाची जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक, सोबत जाणाऱ्याचे नाव व नाते, कोणत्या देशात, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, तिथे कोणाच्या घरी राहणार त्याचा पत्ता, आणि संमती देणाऱ्याचा फोन. ‘केव्हाही, कुठेही नेण्यास माझी हरकत नाही’ असे सढळ हाताने लिहिलेले पत्र मला दुबळे वाटते, कारण ज्याला तारीखही माहीत नाही त्याला प्रवास तरी माहीत आहे काय, ही शंका त्यातूनच उभी राहते. आजी-आजोबा नेणार असतील तर परदेशात मुलाला दवाखान्यात न्यावे लागल्यास उपचारांना संमती देण्याचा अधिकार त्यांना आहे, हे वाक्य मी आवर्जून घालायला लावते. पत्र इंग्रजीत असावे. मराठीवर माझे प्रेम आहे, पण त्या खिडकीवर त्याचा उपयोग नाही.

एक गैरसमज मात्र दूर केलाच पाहिजे. अशा पत्रावर सही केल्याने मुलाचा ताबा सुटत नाही. सही करताना बिचकणारे एक तरुण वडील मला म्हणाले होते, “उद्या हेच पत्र माझ्याविरुद्ध वापरलं तर?” त्यांचा घटस्फोटाचा अर्ज चालू होता. तेव्हा त्यांना मी सांगितले की परतीची तारीख लिहिलेले पत्र त्यांच्याच बाजूचा पुरावा ठरेल, कारण संमती होती ती त्या तारखेपर्यंतचीच. पण जिथे ताब्याचा खटला सुरू आहे तिथे माझ्या शिक्क्यावर विसंबू नका, आधी न्यायालयाची परवानगी घ्या.

शिक्क्याचे सांगायचे राहिले. नोटरीचा शिक्का पाच सेंटिमीटर व्यासाचा साधा गोल असतो, आणि त्याखालची सही सांगते ती एकच गोष्ट: अमुक माणूस माझ्यासमोर आला, त्याची ओळख मी पाहिली, त्याने माझ्यादेखत सही केली आणि माझ्या नोंदवहीत ती नोंद आहे. घरून सही करून पाठवलेल्या पत्रावर मी तो उमटवला तर मी खोटे बोलले असे होते, म्हणून आजोबांना परत जावे लागते. वडील मस्कतला असतील आणि सही व्हॉट्सअॅपवर आली असेल, तर त्यांनी तिथल्या भारतीय दूतावासात जाऊन ती करावी.

फोनविषयी एक अनुभव आहे. नातवाला घेऊन न्यू जर्सीला लेकीकडे निघालेल्या एका आजींना तिकडच्या अधिकाऱ्याने थांबवले. पत्र व्यवस्थित होते. त्याने खात्रीसाठी पुण्याला मुलाच्या वडिलांना फोन लावला, तेव्हा इथे पहाटेचे तीन वाजले होते. अनोळखी परदेशी नंबर पाहून वडिलांनी तो दोनदा कापला. मग अधिकाऱ्याने खाली वाकून मुलालाच विचारले, ही तुझ्यासोबत कोण आहे? मुलगा पाच वर्षांचा. घरात सगळे आजींना ‘माऊ’ म्हणतात, त्यामुळे तो ठामपणे म्हणाला, “माऊ.” तिसऱ्यांदा फोन लागेपर्यंत पाऊण तास गेला. तेव्हापासून पत्र तपासून झाले की मी टेबलाच्या पलीकडून मुलाला विचारते, तू कोणाबरोबर चाललास, आणि तिचं पूर्ण नाव काय? मुले लाजतात, आजीकडे बघतात. आजी ते नाव चार वेळा त्यांच्याकडून म्हणवून घेतात, आणि मगच मी शिक्का उचलते.